फोन चालतो, पण मोडेम लागत नाही: फोंड्यातल्या एका देवस्थान कार्यालयाचं प्रकरण

२००३ च्या पावसाळ्यात फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाच्या कार्यालयात इंटरनेट लागेनासं झालं. देवस्थानाचं नाव सांगत नाही. तालुक्यात देवळं पुष्कळ, आणि टेलिफोनच्या तारा सगळ्यांच्याच भिजतात. श्रावण तोंडावर आला होता. मुंबईचे, कारवारकडचे कुळावी (देवस्थानाशी कुळाने जोडलेली भक्त घराणी) अभिषेकाची तारीख आणि अग्रशाळेतली, म्हणजे देवळाच्या भक्तनिवासातली, खोली ईमेलवरून मागू लागले होते, आणि उत्तर गेलं नाही की थेट अध्यक्षांना फोन लावून गाऱ्हाणं घालत होते. देशाचं ब्रॉडबँड धोरणच आलं ऑक्टोबर २००४ मध्ये, त्यामुळे तेव्हा जे होतं ते डायल-अप, म्हणजे फोनचा नंबर फिरवून लागणारं इंटरनेट: विंडोज ९८ चा पीसी, त्याच्या पोटात मोडेम (पीसीचा डेटा फोनच्या तारेवरून आवाजाच्या रूपात पाठवणारी पट्टी) आणि कार्यालयाची एकुलती एक फोन लाईन.

दुरुस्तीला मला बोलावलं तेव्हा देवस्थानाचे सचिव अण्णा यांनी निदान आधीच करून ठेवलं होतं. "मोडेम गेलाय. चांगल्यातला एक आणून बसव आणि बिल पाठव."

मोडेम जातात, हे खरं. त्याच मे महिन्यात, पावसाआधीच्या गडगडाटात, याच कार्यालयाचा आधीचा मोडेम जळाला होता. लाईनची पिन जिथे जाते तिथे पट्टीवर काळा डाग होता. म्हणून जूनमध्ये नवा मोडेम लागेना तेव्हा सगळ्यांच्या मनात तोच विचार आला. पण जळालेला मोडेम सहसा एकदम मरतो. हा मधूनच लागत होता. कधी दुपारी कडक ऊन पडल्यावर, कधी सेकंदाला ३१२०० बिटांच्या वेगावर, कधी २६४०० वर, आणि लागला तरी मेल उतरून होईपर्यंत तुटत होता. अशी लहर बहुतेक वेळा तारेत असते, चिपमध्ये नसते.

माझ्याआधी बरंच काही करून झालं होतं. दुकानातल्या मुलाने विंडोज पुसून नव्याने टाकलं होतं, ड्रायव्हर बदलला होता. पासवर्ड बदलला होता. फोनचं यंत्रही नवं आणलं होतं. १९८ वर तक्रार नोंदवली तेव्हा लाईनमन आला, रिसीव्हर उचलून एक्स्चेंजमधल्या कुणाशी तरी दोन वाक्यं बोलला, "फोन चलता मरे? मागीर?" (फोन चालतो ना? मग?) म्हणाला आणि तक्रार बंद करून गेला. तो खोटं बोलला नव्हता. फोन खरंच चालत होता, आणि सगळे त्या एका गोष्टीवर विसंबून होते.

कुठल्या पायरीवर अडतं

"नेट लागत नाही" एवढ्यावर काहीच करता येत नाही. मोडेम आधी लाईन उचलतो आणि डायल टोनची वाट बघतो. तो ऐकू आला नाही तर विंडोज त्रुटी ६८० दाखवते. मग नंबर फिरवतो. पलीकडे सगळ्या लाईनी गुंतलेल्या असतील तर ६७६. पलीकडच्या मोडेमने उचललं की त्याचा २१०० हर्ट्झचा लांब सूर येतो, त्यानंतर दोघांची ती प्रसिद्ध किंचाळी सुरू होते. त्या किंचाळीत दोन्ही मोडेम लाईन मोजतात: किती आवाज विरतो, कुठली कंपनं खाल्ली जातात, प्रतिध्वनी किती येतो. मोजून झालं, वेग ठरला, की नाव आणि पासवर्डची पाळी. तिथे अडलं तर ६९१.

यात एक खोच आहे. किंचाळी अर्ध्यात फसली की मोडेम "नो कॅरियर" म्हणतो, आणि विंडोज त्याचं भाषांतर ६७८ असं करते, म्हणजे "उत्तर नाही". उत्तर तर आलेलं असतं! पडद्यावरचा संदेश वाचणारा माणूस इंटरनेट कंपनीला शिव्या घालतो, आणि दोष असतो त्याच्याच वळचणीला. म्हणून मी पहिल्यांदा मोडेमचा स्पीकर बघायचो. इथे तो बंद होता. आरतीच्या वेळी किंचाळतो म्हणून कुणीतरी बंद केला होता. तो चालू केला, मोडेमच्या गुणधर्मांत लॉग ठेवायची खूण केली, आणि कारकून बायला सांगितलं की आज तू नेहमीसारखं काम कर, मी नुसता ऐकतो.

ऐकल्यावर कळलं की ही एक तक्रार नसून दोन आहेत. सकाळी कार्यालय उघडल्यावर ६८० येत होता, म्हणजे पहिल्याच पायरीवर मुक्काम. नंतर दिवसभर ६७८: नंबर फिरतो, पलीकडून उचलतात, सूर येतो, किंचाळी सुरू होते, मध्येच थबकते, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि शेवटी खट्‌.

सकाळचा ६८०

हा भाग लवकर सुटला. अण्णा संध्याकाळी घरी जाताना कार्यालयाचा फोन घरच्या नंबरावर वळवून जात. कॉल वळवलेला असला की हे एक्स्चेंज उचलणाऱ्याला आठवण म्हणून नेहमीचा सलग टोन न देता तुटक टोन देत होतं. माणसाला तो टोनच वाटतो. मोडेमला वाटत नाही. त्यातून ड्रायव्हर टाकणाऱ्या मुलाने देश म्हणून अमेरिका निवडली होती. अमेरिकेचा डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झचे दोन सूर मिळून होतो. आपला ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने थरथरवलेला. सलग असताना या मोडेमने तो कसाबसा मान्य केला होता, तुटक झाल्यावर साफ नाकारला.

यावरचा उपाय त्या काळी भारतभर लोकांच्या तोंडी होता: मोडेमच्या जादा सेटिंगच्या रकान्यात एटीएक्स३ ही आज्ञा घालायची. मोडेम नेहमी एक्स४ मध्ये असतो, म्हणजे डायल टोनही ओळखतो आणि एंगेज टोनही. एक्स३ दिलं की डायल टोनची वाट न बघता दोनेक सेकंद थांबून नंबर फिरवतो. एंगेज मात्र ओळखत राहतो. मी देश भारत केला, एक्स३ घातलं, सकाळचा ६८० गेला.

पण हा उपाय लोक फार सढळ हाताने वापरायचे, ते मला पटत नसे. एक्स३ घातल्यावर तार पूर्ण तुटलेली असली तरी मोडेम बिनबोभाट नंबर फिरवतो आणि मिनिटभराने "नो कॅरियर" म्हणतो. म्हणजे नेमका एक उपयोगी संदेश आपण हाताने पुसून टाकलेला असतो. आधी रिसीव्हर उचलून टोन जिवंत आहे का ऐकावं, मग एक्स३.

बाय काय म्हणाली

दिवसाच्या ६७८ वर मी लॉग चाळत बसलो होतो तेव्हा बाय म्हणाली, "कुणाचा फोन येऊन गेला ना, की नेट लगेच लागतं. मी तर वाटच बघते फोनची."

अण्णा हसले. "आता मुंबईच्या कुळाव्यांना सांगूया, नेट लागत नाही, जरा फोन करा म्हणून!"

मला हसू आलं नाही, कारण तिच्या या एका वाक्याला दोन अर्थ होते आणि दोन्ही शक्य होते. पहिला साधा: फोन येतो म्हणजे कॉल वळवणं काढलेलं आहे, म्हणजे टोन सलग आहे, म्हणून मोडेम लागतो. तसं असेल तर एक्स३ घातल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. दुसरा अर्थ लाईनीच्या कामातल्या जुन्या माणसांना ठाऊक असतो. फोनच्या तारेवर एरवी एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टचा सरळ दाब असतो. घंटी वाजताना त्यावर सुमारे ७५ व्होल्टचा, २५ हर्ट्झचा उलटसुलट प्रवाह येतो. एखाद्या जोडावर गंज चढून तांब्यावर पातळ साय धरली असेल, तर हा दाब ती साय जागोजागी भेदतो आणि जोड काही वेळ बरा होतो. मग पुन्हा हळूहळू बिघडतो.

आणि हे खरं असेल तर लाईनमनला दोष का सापडत नव्हता, तेही त्यातच आलं. तो आला की आधी एक्स्चेंजमधून घंटी देऊन बघणार. एक्स्चेंजच्या टेस्टमध्येही तारेवर दाब पडतो. म्हणजे तपासण्याच्या कृतीनेच दोष तेवढ्यापुरता बुजतो आणि वहीत "टेस्ट ओके" लागतं.

दोन अर्थ वेगळे करायचे तर एकच गोष्ट बदलून बघायला हवी. कॉल वळवणं काढून ठेवलं, एक्स३ तसंच ठेवलं, आणि सकाळची जोरदार सर येऊन गेल्यावर मोडेम लावला. फसला. घंटी वाजायला लागेल तेवढाच वेळ नुसतं थांबून पुन्हा लावला. फसला. मग समोरच्या एसटीडी-पीसीओवर पुजाऱ्यांच्या मुलाला पाठवून कार्यालयाचा नंबर फिरवायला लावला. फोन कुणी उचलायचा नाही, नुसता वाजू द्यायचा. वाजून थांबल्याबरोबर मोडेम लावला, तर ३१२००. दुपारपर्यंत हेच पुन्हा पुन्हा झालं: नुसतं थांबून फायदा नाही, घंटीनंतर फायदा. बायला तोवर अण्णांकडे बघून भुवया उडवण्याची सवय लागली होती.

आता मोडेम निर्दोष आहे हे अण्णांना दाखवणं भाग होतं, नाहीतर नव्या मोडेमचा हट्ट संपला नसता. सीपीयू उचलून रस्त्यापलीकडच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नेला; एक्स्चेंज तेच, खांब वेगळा. तिथे पहिल्याच फटक्यात ४४००० वर लागला.

या आकड्यांकडे जरा नीट बघावं. २६४००, ३१२००, ३३६०० हे सगळे २४०० च्या पटीत आहेत, ते व्ही.३४ या जुन्या पद्धतीचे वेग. १९९८ मध्ये आलेल्या, छप्पन्न हजारांपर्यंत जाणाऱ्या व्ही.९० चे वेग ८००० च्या सहाव्या हिश्श्याच्या पटीत चढतात: ४१३३३, ४२६६७, ४४०००. म्हणजे नुसता आकडा बघून सांगता येतं की मोडेमने छप्पन्न हजारांची पद्धत पेलली की हात टेकून जुनीवर आला. कार्यालयात तो लागायचा तेव्हाही व्ही.३४ वर लागत होता, दवाखान्यात व्ही.९० वर. (पडद्यावर ११५२०० दिसला म्हणून खूश होणारे भेटायचे. तो पीसी आणि मोडेम यांच्यामधला वेग असतो, लाईनीचा नव्हे.)

कान माफ करतो, मोडेम करत नाही

रिसीव्हर उचलून एक आकडा दाबला की डायल टोन थांबतो आणि थोडा वेळ लाईन मुकी असते. त्या शांततेत ऐकायचं. इथे फोडणीत मोहरी पडल्यासारखं तडतडत होतं. अण्णांना ऐकवलं तर म्हणाले, "हे तर नेहमीचंच. पावसात असं होतंच."

होतंच, आणि बोलणाऱ्याचं काही बिघडत नाही. टेलिफोनची वाट साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झची. तेवढ्यात माणसाचं बोलणं आरामात मावतं, मधले दोन शब्द तडतडीत गेले तरी आपण अर्थ जुळवून घेतो, नाहीतर "काय म्हणालात?" विचारतो. व्ही.३४ मोडेम त्याच अरुंद वाटेवरून सेकंदाला जास्तीत जास्त ३४२९ चिन्हं पाठवतो आणि पूर्ण वेगाला एकेका चिन्हात जवळजवळ १० बिटं कोंबतो. सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढी एक तडतड म्हणजे तीसेक चिन्हं आणि तीनशेवर बिटं मातीत. चुकलेलं पुन्हा मागून घ्यायची सोय व्ही.४२ मध्ये आहे, म्हणून थोडी तडतड खपते. नेट नुसतं मंद वाटतं. ती वाढली की मोडेम पुन्हा लाईन मोजायला बसतात, आणि मोजतानाही तडतड थांबली नाही की फोन ठेवतात. व्ही.९० तर त्याहून नाजूक.

दोष कुठे आहे ते शोधायला साधा मल्टिमीटर पुरला. फोन खाली ठेवलेला असताना रोझेटवर, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीवर, ४८ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. सरीनंतर ४० दिसत होते. दुपारी वाळल्यावर ४७ च्या वर. म्हणजे ओल असताना दोन तारांमध्ये कुठेतरी गळती होती. अग्रशाळेच्या माडीवर एक पॅरलल फोन नेलेला होता, तो आधी सोडवला. काही फरक नाही. (तो सोडवलेलाच ठेवला, कारण भक्तांपैकी कुणी तिकडे रिसीव्हर उचलला की इकडे नेट तुटायचं, ती तक्रार कुणी केलीच नव्हती.) मग रोझेटमधून कार्यालयाचं आतलं सगळं वायरिंग मोकळं केलं. तरी ४०. दोष रोझेटच्या बाहेर, खांबाच्या दिशेला.

बाहेरची तार टेलिफोन खात्याची, तिला आपण हात लावायचा नाही. म्हणून पुन्हा १९८. पण या वेळी मी बायला "नेट लागत नाही" हे शब्द उच्चारायलाच मनाई केली. तिने लिहवून दिलं: पावसात फोनवर खरखर येते, बोलणं ऐकू येत नाही, सरीनंतर रोझेटवर ४० व्होल्ट येतात. व्होल्टचा आकडा ऐकून असेल, लाईनमन दुसऱ्याच दिवशी आला, आणि नशिबाने पाऊस पडत असतानाच आला.

"नेट आमचें न्हय, हां," त्याने दारातूनच बजावलं.

"नेट राहू दे भाऊ. घंटी न देता आधी एवढं ऐका," म्हणून मी रिसीव्हर त्याच्या हातात दिला. त्याने ऐकलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि शिडी मागितली.

खांबावरच्या डीपीपासून (फोनच्या तारा वाटून देणाऱ्या पेटीपासून) येणारी काळी ड्रॉप वायर वळचणीखाली येऊन थांबत होती आणि तिथे तिला आतली तार जोडलेली होती, नुसता पीळ देऊन, वर इन्शुलेशन टेप. नेमकी कौलांची पागोळी त्या जोडावर गळत होती. टेप सोडली तर आतून पाणी निथळलं. ड्रॉप वायरची तार जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, आतली तांब्याची. दोन वेगळे धातू, मध्ये पाणी, आणि त्यावर रात्रंदिवस ४८ व्होल्टचा दाब. गंजायला याहून चांगली सोय नाही. तांब्यावर हिरवं फूल आलं होतं, लोखंड तपकिरी भुसभुशीत झालं होतं. त्याने जोड सोडवून फक्त खांबाकडच्या तारेवर मीटर लावला: ४८. गळती त्या जोडातच होती, आणि सायही तिथेच.

जोड आला कुठून, ते अण्णांनी डोक्याला हात लावत सांगितलं. फेब्रुवारीत कार्यालयात नवं काउंटर केलं तेव्हा रोझेट दुसऱ्या भिंतीवर सरकवलं होतं. खात्याला अर्ज करून माणूस येईपर्यंत कोण थांबणार, म्हणून काउंटरचं वायरिंग करणाऱ्या वायरमनलाच सांगितलं. त्याने हाताला आली ती तार जोडून दिली. उन्हाळाभर जोड कोरडा, त्यामुळे काही कळलं नाही. मे महिन्यात विजेने मोडेम जाळला, नवा आला, आणि पाठोपाठ पहिला पाऊस. सगळ्यांची नजर नव्या मोडेमवर गेली, कारण सगळ्यात अलीकडे बदललेलं तेच दिसत होतं.

लाईनमनने जोडाला पुन्हा जोड दिला नाही, हे त्याचं खरं काम. डीपीपासून रोझेटपर्यंत सलग नवी ड्रॉप वायर ओढली, आणि भोकातून आत घेण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, भिंतीत शिरत नाही. जाताना मात्र तो पुन्हा म्हणाला की नेट आमचें न्हय.

त्यानंतर भर पावसातही रोझेटवर ४८ च्या आसपास राहिले आणि मोडेम ४२६६७ किंवा ४४००० वर लागू लागला. एक्स३ तसंच ठेवलं, कारण अण्णांची फोन वळवायची सवय जाणार नव्हती. स्पीकर चालूच ठेवायला सांगितलं. आरतीच्या वेळी नेट लावायचं नाही, एवढी तडजोड झाली. आकाशात गडगडलं की पीसी बंद करणं पुरत नाही, फोनची पिन काढायची, हेही बायला दाखवलं, कारण मोडेम जाळणारी वीज बहुतेक वेळा फोनच्या तारेतूनच येते. फोनचं बिल आलं तेव्हा अण्णांना आणखी एक गोष्ट कळली: किंचाळीत फसलेला प्रत्येक कॉलही पलीकडून उचललेला असतो, म्हणून त्याचेही पैसे लागतात. वायरमनकडून काम करून घेऊन वाचवलेल्या दिवसांची किंमत तिथे वसूल झाली होती.

चवथीच्या सुमारास बायचा पुन्हा फोन आला. "टोन येतो, नंबर फिरतो, पलीकडून उचलतात, सगळं ओरडून होतं, आणि मग ६९१."

"इंटरनेटच्या तासांचं पॅक कधी भरलं होतं?" मी विचारलं.

"थांबा हं," ती म्हणाली आणि वही उघडल्याचा आवाज आला. "संपलं वाटतं. पन्नास तासांचंच होतं."